तिकिटाबाहेरचा हिशोब

बडनेऱ्याहून अमरावतीला येणारा रेल्वेचा फाटा राजापेठेतून जातो. आता त्यावर उड्डाणपूल झाला आहे. फाटकापाशी खोळंबून गाडी जाण्याची वाट पाहणे राजापेठकरांच्या नशिबी उरलेले नाही, आणि पुलाखालून एक जुना मार्ग जातो याची आठवणही फारशी उरलेली नाही. जेमतेम सहा मैलांचा हा फाटा १८७१ साली सुरू झाला. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘अमरावती स्टेट रेल्वे’ असे येते. त्यातला ‘स्टेट’ हा शब्द मला पुष्कळ दिवस खटकत होता. मुंबई-नागपूर हा मुख्य मार्ग तेव्हा ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जीआयपी या खाजगी कंपनीचा. मग मधला हा सहा मैलांचा तुकडाच तेवढा सरकारी कसा?

मी काही विद्यापीठातला संशोधक नव्हे. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जेवढे वाचता आले तेवढे वाचले. पण या एका शब्दाचा माग काढता काढता जो प्रश्न हाती लागला तो आजच्या वर्तमानपत्रातही रोज भेटतो. गाडी चालवायला लागणारे पैसे शेवटी कोण देतो, आणि कोणी द्यावेत?

एसटीच्या तोट्याची बातमी आली की चर्चा दोन टोकांना जाते. एक म्हणतो, ज्याने बसावे त्याने भाडे भरावे, इतरांच्या खिशाला भार कशाला? दुसरा म्हणतो, ही लोकसेवा आहे, नफा-तोट्याची भाषाच नको. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, की पूर्वी कधीतरी वाहतूक स्वतःच्या कमाईवर चालत होती आणि अलीकडे ती बिघडली. वऱ्हाडाचा दीडशे वर्षांचा जमाखर्च तसे सांगत नाही. तिकिटाबाहेरचे पैसे इथे पहिल्या दिवसापासून कोणीतरी भरत आला आहे. ते पैसे कशाच्या बदल्यात दिले, आणि भरणाऱ्याच्या हाती काय आले, एवढाच काळाकाळातला फरक आहे.

हमीचे पाच टक्के

जीआयपी कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १८४९ साली करार झाला. १८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६७मध्ये हाच मार्ग अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचला. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध होऊन गेले होते. १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेची रुई मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रेल्वे वऱ्हाडात इतक्या तातडीने का आली, याचे उत्तर त्या कापसाच्या बोंडात आहे.

या मार्गाचे पैसे मात्र कसे उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. भांडवल इंग्लंडमधल्या भागधारकांचे. जमीन सरकारने फुकट दिली. शिवाय गुंतवलेल्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली. रेल्वेची कमाई त्याहून कमी पडली तर तूट भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. जास्त झाली तर वरचा नफा दोघांनी वाटून घ्यायचा. तोटा झाला तर सरकारचा, फायदा झाला तर निम्मा कंपनीचा, असा हा व्यवहार होता. सरकारचा पैसा म्हणजे मुख्यतः शेतसारा. ज्याने आगगाडी डोळ्यांनी पाहिली नाही असा मेळघाटच्या पायथ्याचा कुणबीही तिची तूट भरत होता.

हमी असल्यामुळे काटकसरीचे कारणच उरले नाही. माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना हे उघड सांगितले. पाच टक्के पक्के असताना आपला पैसा रेल्वेच्या बांधकामात गेला काय आणि नदीत फेकला काय, भागधारकाला त्याचे सोयरसुतक नव्हते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुढे दादाभाई नौरोजी, गणेश व्यंकटेश जोशी, रमेशचंद्र दत्त यांनी रेल्वेच्या खर्चावर टीका केली तिचा रोखही असाच होता. आगगाडी नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. तिच्या पैशाची व्यवस्था अशी का, हा त्यांचा सवाल होता.

सरकारच्याही हे ध्यानात आले. १८६९च्या सुमारास धोरण बदलले आणि नवे मार्ग सरकारने स्वतः बांधावेत असे ठरले. इथे आपला ‘स्टेट’ शब्द उलगडतो. जीआयपीच्या मुख्य मार्गाने वऱ्हाडच्या दोन मोठ्या कापूसपेठा, खामगाव आणि अमरावती, बाजूला टाकल्या होत्या. जलंब ते खामगाव हा फाटा १८७०मध्ये झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते. दुसऱ्या वर्षी बडनेरा-अमरावती फाटा झाला. हमी पद्धतीला कंटाळलेल्या सरकारने स्वतःच्या तिजोरीतून बांधलेल्या सुरुवातीच्या मार्गांपैकी हे दोन. राजापेठेतून जाणारा रूळ हा त्या धोरणबदलाचा सहा मैलांचा पुरावा आहे.

मुख्य मार्गाचे पुढे काय झाले? करारातल्या कलमानुसार १९०० साली सरकारने जीआयपी विकत घेतली. किंमत ठरली ती शेअरच्या बाजारभावावरून. आता हमीमुळेच तो शेअर चढा राहिला होता. आपणच दिलेल्या हमीने फुगवलेल्या किमतीला सरकारने माल घेतला! ही किंमत वार्षिक हप्त्यांनी फेडायची होती आणि हप्ते चालले १९४८पर्यंत. कारभार तर विकत घेतल्यावरही कंपनीकडेच राहिला. तो सरकारने हाती घेतला १९२५ साली.

मालक एक, चालक दुसरा

मुख्य मार्गाची ही कथा सर्व हिंदुस्थानची आहे. वऱ्हाडची म्हणावी अशी कथा शकुंतलेची. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ या अडीच फुटी नॅरोगेजला आपल्याकडे कोणी अधिकृत नावाने ओळखत नाही. ‘शकुंतला’ म्हटले की अंजनगाव, दर्यापूरपासून कारंजा, दारव्ह्यापर्यंत सगळ्यांना कळते. मूर्तिजापूरहून एक फांदी अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरी यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. नकाशात तिची स्थानके पाहा. कापसाच्या बाजारांची यादी केली तरी हीच नावे येतील. कारंज्यात १८८६ सालीच नियंत्रित कापूसबाजार होता आणि १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार आधी होते. रूळ त्यांच्या मागे आला.

मुंबईची किलिक निक्सन ही ब्रिटिश पेढी १८५७ सालची. तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा मार्ग तयार झाला. वर्धा जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी ही छोटी गाडीही याच कंपनीची. त्या वेळी सरकारने लहान फाट्यांसाठी ‘ब्रँच लाइन’ कंपन्यांना उत्तेजन देण्याचे धोरण ठेवले होते. फाट्यामुळे मुख्य मार्गाला जो जास्तीचा माल आणि उतारू मिळतात, त्या कमाईतला काही हिस्सा फाट्याच्या कंपनीला द्यायचा आणि तिच्या भागधारकांना ठराविक लाभांश मिळेल असे पाहायचे, अशी त्यातली एक रीत. या कल्पनेत तथ्य होते. शकुंतलेने मूर्तिजापूरला आणून टाकलेली रुईची गाठ पुढे मुंबईपर्यंत जीआयपीला भाडे देत जाई. फाट्याचा फायदा फाट्याच्या तिकीटखिडकीवर मोजता येत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज कारकुनालाही माहीत होते.

घोळ पुढे झाला. रूळ, जमीन, पूल यांची मालक कंपनी. गाडी चालवणार जीआयपी आणि १९५१नंतर तिची वारस मध्य रेल्वे. करार दहा-दहा वर्षांनी वाढायचा, आणि त्या त्या टप्प्यावर मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारला होता. कापूस ट्रकवर चढला, गाडीला उतारूंपुरते महत्त्व उरले, रूळ झिजले, पण करार चालू राहिला. रेल्वे कंपनीला वर्षाकाठी १ कोटी २० लाख रुपये देते, असा आकडा वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे छापून येत राहिला. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन १९९४च्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढत होते. मग डिझेल इंजिन आले. वेग मात्र सायकलवाल्याने शर्यत लावावी एवढाच राहिला. गेल्या दशकात दोन्ही फांद्यांवरची गाडी थांबली. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली, आंदोलनेही झाली. रूळ बाभळीत आहेत.

शकुंतलेवर जे लिहिले जाते त्यात एक वाक्य ठरलेले असते, की स्वतंत्र भारत अजून इंग्रजांना खंडणी देतो. वाक्य टाळ्यांचे आहे, पण प्रश्न त्याने झाकला जातो. किलिक निक्सनची मालकी पुढे भारतीयांच्याच हाती आली. त्यामुळे मालक गोरा की काळा, यावर काही अडत नव्हते. सार्वजनिक पैसा दिला जात होता तो मालकीच्या बदल्यात. सेवेच्या बदल्यात नव्हे. गाडी वेळेवर आली काय, न आली काय, रूळ दुरुस्त झाला काय, न झाला काय, करारावरच्या रकमेला त्याचे देणेघेणे नव्हते. दुरुस्ती मालकाने करायची की चालकाने, या वादात कोणीच ती केली नाही. हमीच्या पाच टक्क्यांचा जुना रोग नव्या अंगात शिरला होता.

तुलनेला महाराष्ट्रातच दुसरा नमुना आहे. बार्शी लाइट रेल्वेही अडीच फुटी आणि खाजगीच. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभी केलेली, १८९७मध्ये सुरू झालेली. पंढरपूरचे वारकरी आणि लातूरची भुसार पेठ हे तिचे आधार. मिरजेपर्यंत ती १९२७मध्ये पोचली. सरकारने ती १९५४ साली विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केली. लगेच काही सोन्याची झाली नाही; पुढची चाळीस वर्षे तीही रखडतच चालली. पण मालक आणि चालक एकच असल्यामुळे रुंदीकरणाचा निर्णय घ्यायला कोणाच्या करारात डोकावण्याची गरज नव्हती, आणि नव्या शतकात टप्प्याटप्प्याने मिरज-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. आज लातूरहून मुंबईची गाडी सुटते. अचलपूरहून मूर्तिजापूरचीही सुटत नाही. बार्शीच्या मार्गाला राजकीय वजन आणि पंढरीच्या गर्दीचे बळ होते, हे मान्य. तरीही खरेदीचा हक्क वापरला आणि वापरला नाही, यांतला फरक या दोन मार्गांवर स्पष्ट दिसतो.

रस्त्याचे पैसे

शकुंतलेचा कापूस ज्या रस्त्यावर गेला, त्या रस्त्याचा हिशोब कोणी क्वचितच मागतो. रेल्वेला रूळ स्वतःचे टाकावे लागतात, सांभाळावे लागतात. मोटारवाल्याला रस्ता तयार मिळतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोटारी वाढल्या तशी ही विषमता बोचू लागली. रस्ते सुधारण्यासाठी पैसे कुठून आणावेत, हे ठरवण्यासाठी १९२७ साली समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीने पेट्रोलवर जादा कर सुचवला. गॅलनमागे दोन आण्यांच्या या करातून १९२९मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो रस्ता झिजवतो त्याने त्याचे पैसे द्यावेत, हे तत्त्व आपल्याकडे एका मराठी माणसाच्या अहवालातून सरकारी जमाखर्चात आले.

या तत्त्वाला मर्यादा होती. पेट्रोल जळते शहरांत आणि मोठ्या रस्त्यांवर. जिथे मोटारच जात नाही तिथे कर गोळा होत नाही, आणि कर नाही म्हणून रस्ताही होत नाही. १९४३च्या डिसेंबरात नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे तयार झालेल्या ‘नागपूर योजने’ने उलट बाजूने विचार केला. शेतीप्रधान विकसित भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे उद्दिष्ट ठेवले. इथे मोजमाप कमाईचे नव्हते, अंतराचे होते. एसटीची ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा मला या नागपूर योजनेची धाकटी बहीण वाटते.

व्यापारी तत्त्व आणि मुक्कामी गाडी

पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात. इथली सरकारी प्रवासी वाहतूक वेगळी होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाल्यावर सगळी सरकारी बसवाहतूक एका महामंडळाखाली आली. या महामंडळाचा पाया म्हणजे १९५०चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा. हा कायदा एसटीबद्दल हिरिरीने बोलणाऱ्यांनी एकदा वाचावा.

कलम १८ म्हणते, महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा द्यावी. कलम २२ म्हणते, कारभार व्यापारी तत्त्वांवर चालावा. कलम २८मध्ये सरकारने दिलेल्या भांडवलावर व्याज देण्याची तरतूद आहे. आणि कलम ३० तर आज वाचताना हसू येते. नफ्यातून प्रवाशांच्या सोयी, कामगारांचे कल्याण आणि विस्तार यांसाठी रक्कम काढून जे उरेल ते महामंडळाने राज्य सरकारला रस्तेविकासासाठी द्यावे! कायदा करणाऱ्यांच्या मनात चित्र असे होते, की बस कमावील आणि त्या कमाईतून रस्ते होतील.

‘पुरेशी सेवा’ आणि ‘व्यापारी तत्त्व’ या दोन शब्दांची गाठ कधी पडते ते परतवाड्याच्या आगारात कळते. तिथून सेवानिवृत्त झालेल्या एका वाहकाशी मी दोन-तीनदा बोललो. त्यांनी मुक्कामी गाडीचा हिशोब समजावून सांगितला. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी डोंगरातल्या गावी जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परतणारी. जाताना बाजाराची माणसे असतात म्हणून थोडी भरते. सकाळी कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेले एखादे म्हातारे. मधल्या घाटात चढायला कोणी नाही. ‘भारमान काढलं तर ते गाडी पहिल्याच दिवशी बंद कराव लागते,’ ते म्हणाले, ‘पण बंद केली तर पोरीची शाळा बंद होते, हे कोन्या कागदावर लिवता?’

भारमान म्हणजे आसनांच्या प्रमाणात भरलेले प्रवासी. एसटीच्या प्रत्येक फेरीचे भारमान निघते, नोंदले जाते. पण ही फेरी कोणाच्या आदेशाने आणि कशासाठी चालते, याचा रकाना त्या कागदावर नाही. त्यामुळे नागपूर-अमरावती मार्गावर ढिसाळ कारभाराने झालेला तोटा आणि मेळघाटात कर्तव्य म्हणून सोसलेला तोटा एकाच बेरजेत जातात. अशा बेरजा साचत साचत एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींवर गेला आहे. यातला किती कारभाराचा आणि किती कर्तव्याचा, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंना तो आकडा सोयीचा पडतो.

त्यात भर म्हणजे सरकार एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने घेते. १९५८च्या कायद्याने एसटीच्या भाड्यावर प्रवासी कर बसला आणि तो वाढत साडेसतरा टक्क्यांवर गेला. शंभर रुपयांच्या मूळ भाड्यामागे साडेसतरा रुपये तिजोरीत. खाजगी ट्रॅव्हल्सवाला आसनांच्या हिशोबाने ठोक कर भरतो. तो भरलेल्या मार्गावर, भरलेल्या वेळी गाडी सोडतो आणि रिकाम्या गावाला जात नाही. म्हणजे तोट्याची फेरी चालवण्याचे बंधन असलेल्या संस्थेचे तिकीट कराने महाग, आणि बंधन नसलेल्याला मोकळे रान.

देण्याची बाजूही पाहू. ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना निम्मे भाडे, या सवलतींनी राजापेठच्या थांब्यावरचे दृश्य बदलले. ज्या बायका माहेरी दोन वर्षांनी जात त्या दोन महिन्यांनी जाऊ लागल्या. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला करते. माझ्या मते इथे नकळत योग्य गोष्ट घडली. सवलत कोणी दिली ते माहीत आहे, किती प्रवाशांना दिली ते मोजलेले आहे, आणि पैसे कोणी द्यायचे ते लिहिलेले आहे. रक्कम उशिरा येते ही तक्रार करता येते, कारण येणे किती ते ठरलेले आहे. मेळघाटच्या मुक्कामी गाडीला ही तक्रार करण्याचीही सोय नाही.

२०२१च्या ऑक्टोबरात सुरू होऊन पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटी कामगारांचा संप आठवा. मागणी विलीनीकरणाची होती. शब्द प्रशासकीय वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच, की आमचा पगार तिकिटाच्या गल्ल्यावर अवलंबून ठेवू नका. तिकिटाबाहेरचे पैसे कोणी भरायचे हे जिथे लिहिलेले नसते, तिथे ते चालक-वाहकाच्या थकलेल्या पगारातून भरले जातात. शेतसाऱ्यातून तूट भरणाऱ्या रयतेची जागा इथे खाकी कपड्यातल्या माणसाने घेतली.

जो सांगेल तो मोजेल

यावर उपाय नवा शोधण्याची गरज नाही. तो शंभर वर्षांचा जुना आहे. १९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा झाला. रेल्वेने व्यापारी मार्गांवरच्या भांडवलावर एक टक्का रक्कम सरकारला द्यावी असे ठरले. पण वायव्य सरहद्दीवरचे लष्करी मार्ग कमाईसाठी नव्हतेच. त्यांचा तोटा रेल्वेच्या माथी न मारता या देण्यातून वजा करायचा, म्हणजे सरकारी तिजोरीने सोसायचा, असाही निर्णय झाला. सैन्यासाठी मार्ग हवा असेल तर त्याची किंमत सरकारने वेगळी मोजावी. ब्रिटिश सरकारने सरहद्दीच्या रुळाला जो न्याय लावला, तो आपण धारणीच्या गाडीला का लावू नये?

आगाराच्या प्रत्येक तोट्यातल्या फेरीपुढे दोनच नोंदी असाव्यात. ही फेरी कोणी मागितली, आणि तिची तूट कोण भरतो? राज्य सरकारने मागितली असेल तर राज्याने किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यावी. आणि गाडी धावली तरच द्यावी, न धावल्यास कापून घ्यावी. शकुंतलेच्या कराराला न सुचलेली अट ती हीच. उरलेला तोटा मग निखळ कारभाराचा ठरेल, आणि त्याबद्दल अधिकाऱ्यांना जाब विचारता येईल. आज ‘सामाजिक बांधिलकी’ या पांघरुणाखाली तो सुखाने झोपतो.

दुसरा प्रश्न, पैसे फक्त प्रवासी आणि सरकार या दोघांनीच द्यावेत का? ब्रँच लाइनच्या अटींमागचा विचार इथे कामाचा आहे. गाडीमुळे ज्याचा धंदा वाढतो त्याच्याकडून हिस्सा घ्यावा. फ्रान्सने १९७१ साली पॅरिसपासून सुरुवात करून हेच केले. ठराविक संख्येहून जास्त नोकर ठेवणाऱ्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला, कारण कामगार वेळेवर कामावर पोचतो याचा लाभ मालकालाही होतो. आपल्याकडे औद्योगिक वसाहती, मोठी खाजगी महाविद्यालये, बसस्थानकांच्या आसपास ज्यांच्या जागांचे भाव दहापट झाले ते, हे सगळे गाडीच्या जिवावर उभे आहेत आणि तिच्या खर्चात त्यांचा वाटा नाही. वऱ्हाडच्या शेतकऱ्याकडून मात्र तो वाटा दीडशे वर्षे घेतला गेला आहे.

सगळेच मोफत करा, हे मला पटत नाही. ज्या सेवेचे आपण काही देतो तिच्याविषयी हक्काने भांडतो. फुकटच्या गाडीचा पत्रा गळला तर लोक ‘चालायचंच’ म्हणतात. भाडे असावे, परवडेल एवढे असावे. दिवाळीच्या गर्दीत माहेरी निघालेल्या माणसाकडून दहा टक्के हंगामी वाढ घेऊन वर्षाची तूट भरण्याची जी प्रथा पडली होती, ती मात्र गरजवंताची अडवणूक होती. सणाला घरी जाणे ही चैन नव्हे.

रेल्वेच्या बाजूने सध्या एक प्रयोग आपल्या शेजारीच चालू आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाच्या खर्चात राज्य सरकारचा ४० टक्के वाटा आहे. वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाला. केंद्र आणि राज्य दोघेही पैसे देतात, कोणाचे किती ते ठरलेले आहे, आणि मार्ग भारतीय रेल्वेचा आहे. काम रेंगाळले, खर्च वाढला, हे सगळे खरे. पण पैसे देणाऱ्याला मार्ग कोणाचा हे विचारायला शंभर वर्षांचा करार शोधावा लागणार नाही. अचलपूर-यवतमाळ ब्रॉडगेजची मागणी करणाऱ्यांनी नुसते ‘शकुंतला वाचवा’ म्हणण्याऐवजी या वाटणीचा मसुदा हातात घेऊन जावे, असे मला वाटते. अंजनगावची केळी, दर्यापूरचा कापूस-हरभरा, कारंज्याची बाजार समिती, यांचा त्या मार्गावरचा माल किती आणि त्यातून कोणाला किती लाभ, हे आकडे काढता येण्यासारखे आहेत. १९१० आणि १९११ सालच्या अकोला-अमरावतीच्या गॅझेटियरांनी जर बाजारांची इतकी बारकाईने नोंद केली, तर आज ते अवघड नसावे.

रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षांपूर्वी एक ओळ छापून येऊ लागली, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात. ओळ उपकाराच्या सुरात होती, म्हणून ती पुष्कळांना झोंबली. पण माहिती उपयोगाची होती. तशी ओळ एसटीच्या आगारात, वेळापत्रकाच्या फलकाशेजारी, फेरीनिहाय लागावी. या फेरीचा खर्च इतका, तिकिटातून आले इतके, सरकारने दिले इतके, सरकारकडे थकले इतके. परतवाड्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाला तो फलक वाचायला भरपूर वेळ असतो.